गोळी पोचली, सल्ला वाटेतच राहिला



या पानावर मी एरवी पेरणी, खते, कीड-रोग असे लिहितो. आज विषय बाळंतपणाचा, बायकांच्या दुखण्यांचा आणि उपकेंद्रातल्या सिस्टरचा आहे. "साहेब, हे तुमच्या खात्यात कधीपासून आले?" असे कोणी विचारील. खाते माझे शेतीचेच. पण आपल्या बीड जिल्ह्यात खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीनची काढणी आणि ऊसतोड यांत बायकांचे हात किती राबतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या हातांत रक्त किती आहे, ही चौकशी शेतीच्या बाहेरची कशी म्हणायची? दुसरे असे की, सल्ला देणे हे माझे रोजचे काम आहे. सल्ला कुठे लागू पडतो आणि कुठे वाया जातो, एवढे तरी कृषी पदविकेने आणि त्यानंतरच्या नोकरीने मला शिकवले आहे.

आधी एक साधा प्रश्न. तुमची गाय कधी भरली, हे तुम्ही तारखेनिशी सांगता. रेतनाची पावती जपून ठेवता. गाईचे नऊ महिने नऊ दिवस, म्हशीचे दहा महिने दहा दिवस, हा हिशेब घरातल्या पोरासोरांनाही पाठ असतो. शेवटच्या दोन महिन्यांत तिला आटवायचे, खुराक वाढवायचा, हेही न चुकता होते. आता सांगा, घरातल्या सुनेला शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली होती? त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाचा अंदाज निघतो. हा हिशेब सिस्टर करते, कार्डावर लिहून देते. ते कार्ड कुठल्या पिशवीत पडले आहे, हे घरच्या पुरुषाला बहुधा ठाऊक नसते. बाईची जनावराशी बरोबरी केली म्हणून रागावू नका. माझे म्हणणे एवढेच की, निगा राखायची अक्कल आपल्याकडे भरपूर आहे, ती घरात वापरायची आपल्याला लाज वाटते.

सिस्टर म्हणजे लस टोचणारी आणि गोळ्या वाटणारी बाई, अशी गावात समजूत आहे. तिचे शिक्षण काय असते ते पाहा. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएमचा, म्हणजे परिचारिका प्रसाविकेचा अभ्यासक्रम. तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग हे त्याच्या वरचे. त्यांत बाळंतपण कसे करायचे हे जसे शिकवतात, तसे समुपदेशनही शिकवतात. शब्द जड आहे. अर्थ असा की, समोरच्या बाईचे ऐकून घ्यायचे, तिला पुरती माहिती द्यायची आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्यायचा. त्याच्या सहा पायऱ्या सांगतात. आलेल्या बाईला मानाने बसवा, तिला विचारा, माहिती सांगा, निवड करायला मदत करा, जे निवडले ते नीट समजावून द्या, आणि पुन्हा भेटायला बोलवा. आमच्या खात्यात १९८० च्या दशकात 'प्रशिक्षण व भेट' योजना होती. जुने सहकारी तिच्याविषयी सांगतात ते यापेक्षा फार वेगळे नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर जायचेच, आणि पुन्हा जायचे. एकदा सांगून कोणी आपली पद्धत बदलत नाही, हे त्यातले मर्म.

आता हे सहा पायऱ्यांचे शिक्षण गावात आल्यावर त्याचे काय होते? एकदा माझी शेतीशाळा आणि सिस्टरचा ग्राम आरोग्य व पोषण दिवस एकाच अंगणवाडीच्या आवारात आला. आम्ही लिंबाखाली, त्या आत. खोली एकच. तिच्यात वजनकाटा, लसींचा डबा, रडणारी लेकरे, दोन-तीन सासवा, आशाताई, अंगणवाडीताई आणि खिचडीचे पातेले. सिस्टरने एका पाचव्या महिन्यातल्या सुनेला लोहाच्या गोळ्या दिल्या. "रोज एक घ्यायची, चुकवू नको." सुनेने मान हलवली, रजिस्टरवर नोंद झाली, पुढची आली. मिनिटभरही गेला नसेल. ती बाई बाहेर येऊन चपला घालता घालता शेजारणीला म्हणाली, "मागच्या बी तशाच पडल्यात. खाल्ल्या की मळमळतंय, अन् आत्याबाई म्हणत्यात लेकरू लई मोठं होतंय, मंग अडतंय."

गोळी पोचली, नोंद झाली, अहवाल तालुक्याला गेला. रक्त होते तिथेच राहिले.

या ठिकाणी सल्ला म्हणजे काय असायला हवा होता, ते सांगतो, कारण तो तुमच्याही उपयोगाचा आहे. ही गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी १८० दिवस घ्यायची, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यायची, दोन्ही एकदम नाही. शौचाला काळे होते, त्याला घाबरायचे कारण नाही. जेवणात लिंबू, आवळा असला तर चांगलेच. आणि या गोळीने लेकरू वाढून अडत नाही. उलट जिच्या अंगात रक्त कमी, ती बाळंतपणात थोडे जास्त रक्त गेले तरी हाताबाहेर जाऊ शकते. हे शेवटचे वाक्य सुनेला सांगून भागत नाही, ते सासूला सांगावे लागते. सिस्टरला हे सगळे येते. पाच मिनिटांचे काम आहे. पण ती पाच मिनिटे आणि एक बंद दार तिला मिळत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. गोळ्या गावोगाव पोचत असताना हा आकडा यावा, याचा विचार करा. बी चांगले, खत चांगले आणि उगवण नाही, तर आपण वाफसा बघतो की नाही?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बाळंतपणात बाई दगावणे पुष्कळ कमी झाले आहे. २०१८-२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. त्यात सिस्टर, आशा आणि रात्री-अपरात्री धावणाऱ्या गाड्यांच्या चालकांचा मोठा वाटा आहे. पण जीव वाचला म्हणजे दुखणे संपले असे होत नाही. बाळंतपणाच्या अलीकडे-पलीकडे बाईला जे सोसावे लागते, त्याची वाच्यताच होत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोगाचे एक तरी दुखणे निघाले, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासून घेतलेल्या बाया होत्या शंभरात ८. इतकी वर्षे होऊन गेली, तरी आपल्या वाडी-तांड्यावर 'पांढरे जाते' हे शब्द बाई अजून कुजबुजतच उच्चारते.

अशा कुजबुजीचा शेवट काय होतो, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा बायांमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

फडावरचे जिणे तुमच्यातल्या अनेकांनी भोगले आहे, त्यामुळे फार सांगत नाही. पहाटे उठून भाकरी, मग कोयता, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे, रात्री कोपीत परत. पाण्याची वानवा, आडोसा नाही, पाळीतही तेच कापड. एक दिवस घरी बसले तर खाडा, आणि खाड्याचा दंड त्या वेळच्या बातम्यांत दिवसाला ५०० रुपये आला होता. त्यात पांढरे जाऊ लागले, ओटीपोटात दुखू लागले की बाई दवाखान्यात जायची, आणि 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' एवढे ऐकून परत यायची. घरात चर्चा व्हायची ती अशी की, लेकरे तर झाली, आता पिशवीचे काम काय? खर्चासाठी मुकादमाकडून उचल वाढवून घ्यायची, आणि ती फेडायला टाके सुकतात न सुकतात तोच पुन्हा फड. सगळ्या डॉक्टरांना मी एका मापाने मोजत नाही. काही दुखण्यांत पिशवी काढणे हाच खरा इलाज असतो. पण सहात एक?

त्या बाईला दवाखान्याची पायरी चढण्याआधी कोणी भेटले असते तर काय सांगितले असते? पांढरे जाणे थोडेफार असतेच. त्याला वास आला, खाज सुटली, ओटीपोट दुखू लागले तर तो बहुतेक वेळा जंतूंचा संसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. ही औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर दुखणे फिरून फिरून येते. (हे नवऱ्याला सांगणार कोण, हा आणखी वेगळा प्रश्न.) कॅन्सरची भीती असेल तर ती तपासून बघता येते. तिशीच्या पुढच्या बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून पाहण्याची साधी तपासणी आहे, प्रशिक्षण घेतलेली नर्सही ती करू शकते. आणि पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याच्या वयातली सगळी दुखणी ऐन पस्तिशीत मागे लागतात. अंगाची काहिली होते, हाडे ठिसूळ होतात, झोप जाते. ज्या बाईने कामाला खाडा पडू नये म्हणून पिशवी काढली, तिचे काम त्यानेच घटते.

कपाशीवर काय फवारायचे हे ज्या गावात औषध विकणारा ठरवतो, त्या गावात काय होते हे आपण जाणतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यात कारणे अनेक होती. पण सांगणारा माणूस बांधावर नसला की विकणाराच सल्लागार होतो, हेही त्यांतले एक. पिशवीचे तसेच झाले. ज्याच्याकडे शस्त्रक्रियेचे टेबल, त्यानेच तिची गरज सांगायची, आणि मधे कोणी नाही. पुढे जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या अमलात आणायला सांगितले. चांगले झाले. पण परवानगी म्हणजे ओढ्याच्या तोंडावर घातलेला बांध. माथ्यावरच पाणी अडवायचे तर ते काम सिस्टरचे आहे.

मग सिस्टर ते का करत नाही? याचे उत्तर 'कामचुकारपणा' असे देऊन मोकळे होणारे लोक गावात पुष्कळ आहेत. जरा तिची बाजू बघा. सपाटीवर ५ हजार आणि डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, हा ठरलेला हिशेब. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, बाळंतपणे, कुटुंब नियोजन, साथीचे सर्वेक्षण, रक्तदाब-मधुमेहाच्या तपासण्या, आणि या सगळ्याची नोंद आधी रजिस्टरमध्ये, मग मोबाईलवर. आमच्या कृषी सहायकांची पीक पाहणी, पंचनामे आणि ॲप यांतून जी गत होते, तीच तिची. वरून विचारणा होते ती किती गोळ्या वाटल्या याची. किती बायांच्या मनातली भीती गेली, याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नाही.

शिक्षणातही उणीव आहे, आणि नर्सिंग शाळा चालवणाऱ्यांनी ती ऐकून घ्यावी. एका सिस्टरने मला सांगितले की, समुपदेशनाचे प्रात्यक्षिक म्हणजे वर्गातल्या मैत्रिणीला 'पेशंट' करून दोघींनी पाठ केलेली प्रश्नोत्तरे. मैत्रीण सगळे पटकन कबूल करते. खरी सासू कबूल करत नाही. खरा नवरा तर समोर येतच नाही. आम्हाला पदविकेच्या वेळी शेतकऱ्याच्या रानात नेऊन, चिखलात उभे करून शिकवले, म्हणून थोडेफार आले. तसे या मुलींना शिकतानाच उसाच्या फडावर न्या. कोपीत बसून, धूर डोळ्यांत जात असताना, दहा मिनिटांत एका बाईचा विश्वास कसा मिळवायचा, हे तिथेच शिकता येते. गर्भाशय, श्वेतप्रदर असले शब्द पुस्तकात ठेवून बाईच्या तोंडचे शब्द शिकवा. एका तांड्यावर एक शब्द चालतो, शेजारच्या गावात दुसराच.

आणखी एक, जे आरोग्य खात्याच्या वेळापत्रकात बसत नाही पण शेतीच्या पंचांगात लख्ख दिसते. दसरा-दिवाळीपासून पाडव्यापर्यंत आपली निम्मी गावे ओस असतात. बाई गावात असते ती पावसाळ्यात. मग सल्ल्याचा जोर आषाढ ते भाद्रपदातच असायला हवा. उदाहरण घ्या. पाळणा लांबवायला 'अंतरा' इंजेक्शन आहे, २०१७ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण ते दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. भाद्रपदात घेतलेल्या बाईची पुढची तारीख येते ती नेमकी फडावर. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा, म्हणजे ती ट्रंकेत बरोबर नेता येते, दिवस मात्र पाळले पाहिजेत. तांबी बसवली तर प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षे बघायला नको, पण ती जाण्याच्या आदल्या दिवशी घाईने बसवण्याची गोष्ट नाही, मधे तपासणीला वेळ हवा. कोणत्या बाईला काय सोयीचे, हे तिच्या वर्षाचे वेळापत्रक विचारल्याशिवाय ठरत नाही. जमीन न बघता वाण सुचवू नये, असे आम्हाला शिकवतात.

आता पुरुष वाचकांशी दोन शब्द. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायांपैकी निम्म्याच्या आसपास बायांनी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्यालाही पोचले नव्हते. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी ही दोन्हींतली सोपी. पोट उघडावे लागत नाही, त्याच दिवशी घरी येता येते. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि वीर्य तपासून खात्री करून घ्यायची. ताकद जाते, ओझे उचलवत नाही, ही समजूत खोटी आहे. तुम्हाला हे आजवर कोणी सांगितले नसेल, कारण सिस्टर बाई आहे आणि तुम्ही तिच्यासमोर बसत नाही. तपासणीच्या दिवशी बायकोला मोटरसायकलवर सोडता आणि बाहेर तंबाखू मळत उभे राहता. त्या दिवशी आत जा. सिस्टरला विचारा, "आमच्या हिचे रक्त किती भरले?" हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, ७ च्या खाली असेल तर मोठ्या दवाखान्यात नेण्यावाचून पर्याय नाही. तुरीचा भाव जसा लक्षात ठेवता, तसे हे दोन आकडे ठेवा. आणि घरात कोणी गरोदर वा अंगावर पाजणारी असेल, तर फवारणीचे औषध कालवायला, पंप भरायला किंवा नुकत्याच फवारलेल्या रानात खुरपायला तिला लावू नका. हा सल्ला मात्र थेट माझ्या खात्याचा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांना माझी मागणी लहानशी आहे. सिस्टर मुख्यालयी राहते की नाही, याचा ठराव ग्रामसभेत हिरिरीने मांडला जातो. तिच्या निवासाचे छत गळते का, उपकेंद्राच्या संडासाला पाणी आहे का, याचा ठराव मी क्वचितच ऐकला. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे अबंधित निधी येतो. त्याचा खर्च कशावर होतो, हे सदस्यांनाच कित्येक गावांत माहीत नसते. त्यातून एक पडदा, दोन खुर्च्या आणि आतून लागणारी कडी एवढे करा. पोषण दिवसाला शाळेची एखादी मोकळी खोली सिस्टरला तासभर द्या आणि दारात आशाताईला बसवा, म्हणजे कोणी डोकावणार नाही. लोकांसमोर विचारल्यावर खरे उत्तर कोण देईल? सावकाराचे किती देणे आहे, हे मी चावडीवर विचारले तर तुम्ही तरी सांगाल का?

यंदा टोळ्या निघण्यापूर्वी, मुकादमाची उचल घेण्याच्या सुमारास, एक काम उरका. घरातल्या बाया उपकेंद्रावर तपासून आणा. ज्यांना दिवस गेले आहेत त्यांचे माता-बाल कार्ड, आधार आणि बँकेचे पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा. आपल्या सिस्टरचा आणि आशाताईचा मोबाईल नंबर बाईच्या स्वतःच्या फोनमध्ये घाला, फक्त नवऱ्याच्या नको. ज्या कारखान्यावर जाणार, तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्राचे नाव मुकादमाकडून लिहून घ्या. कार्ड दाखवले की लस, गोळ्या, तपासणी आणि बाळंतपण तिथल्या सरकारी दवाखान्यातही फुकट होते. आणि फडावर कोणी पिशवी काढायचा सल्ला दिलाच, तर पैसे भरण्याआधी एक फोन आपल्या सिस्टरला करा.